लिनक्स मिंट बसवताना दर वेळी नव्याच ठिकाणी अडतंय. एसएसडी गेली का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

तीन रात्री घालवल्या, आता हात टेकले म्हणून धागा काढतोय.

लॅपटॉप आठेक वर्षांचा. सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबीची एसएसडी (डेटा साठवायची डिस्क). विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला दारातही उभं करत नाही. म्हणून विंडोजच्या शेजारी लिनक्स मिंट २२ ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायचं ठरवलं. विंडोज काढायचं नाहीये. हिशेबाचं एक जुनं सॉफ्टवेअर फक्त तिकडेच चालतं आणि त्यात सात वर्षांच्या नोंदी अडकल्यात.

जागा करून ठेवली आहे. तेही सरळ झालं नाहीच. डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसायला गेलो तर ९० जीबी रिकामी असूनही ४ जीबीच्या वर द्यायला तयार नाही. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तात्पुरती काढली, रिस्टोर पॉइंट उडवले, तेव्हा कुठे ६० जीबी सुटली.

आता खरं दुखणं.

पहिल्या रात्री फायली कॉपी होताना पट्टी निम्म्याच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. तासभर वाट बघून बटण दाबून बंद केला. दुसऱ्या रात्री पट्टी पार शेवटाला आली आणि 'एरर नंबर ५, इनपुट आउटपुट एरर' अशी पाटी झळकली. खाली लिहिलेलं की सीडी, डीव्हीडी किंवा हार्ड डिस्क खराब असली की बहुधा असं होतं. माझ्याकडे सीडी ड्राइव्हच नाही! काल तर इन्स्टॉलरने भाषा विचारली आणि खिडकीच गायब. परत उघडला तर शहाण्यासारखा उघडला, पण मग कॉपी होताना पुन्हा तीच पाटी.

माझ्या मते एसएसडी गेली. नवी घेऊ का?

---

निळीशाई

थांबा हो, लगेच खरेदीला निघू नका. आधी एवढं सांगा :

आयएसओ (मिंटची इन्स्टॉल फाइल) कुठून उतरवली आणि चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे दाखवणारा कोड) पडताळला का? पेनड्राइव्ह कशाने बनवला? बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) यूईएफआय, म्हणजे सुरू व्हायची नवी पद्धत आहे, की जुनी लेगसी? सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) चालू आहे का? आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप? शेवटच्याचं उत्तर नीट बघून द्या, अंदाजाने नको.

---

उंटावरून

मिंट कशाला घेताय? फेडोरा हे दुसरं लिनक्स टाका, सगळं पहिल्या फटक्यात चालतं.

---

निळीशाई

@उंटावरून, दर धाग्यात हेच. त्यांची फाइल वाचता वाचता तुटतेय. फेडोराच्या फायलीही त्याच पेनड्राइव्हवरून त्याच रॅममधून जाणार ना?

---

पाटीपेन्सिल

निळीशाई, आभार.

आयएसओ मिंटच्याच साइटवरून. चेकसम पडताळला नव्हता (चूक कबूल), आत्ता विंडोजमध्ये सर्टयूटिलने काढला. ६४ अक्षरं एकेक करून बोट ठेवून जुळवली, तंतोतंत आहेत. पेनड्राइव्ह रूफसने बनवला. यूईएफआय आहे, सिक्युअर बूट चालू आहे. बिटलॉकर नाही, कारण विंडोजची होम आवृत्ती आहे, तिच्यात ते नसतंच.

---

कुलूपकिल्ली

पाटीपेन्सिल, तुम्ही धाग्याच्या शीर्षकातच अर्धं उत्तर लिहिलंय.

कुणी इन्स्टॉल अडल्याचं सांगितलं की मी आधी एकच विचारतो, दर वेळी एकाच जागी अडतंय का वेगवेगळ्या? एकाच जागी, तोच संदेश घेऊन अडत असेल तर बहुतेक वेळा मामला सेटिंगचा, ड्रायव्हरचा किंवा अर्धवट उतरलेल्या फाइलचा असतो. संगणक तेच काम तशाच चुकीने करतोय. पण आज इथे, उद्या तिथे, परवा इन्स्टॉलरच कोसळला, असं चाललं असेल तर सॉफ्टवेअर बिचारं निर्दोष असण्याचीच शक्यता जास्त. मग संशयित तीन : पेनड्राइव्ह, रॅम, डिस्क. आणि खिडकी गायब होण्याचा प्रकार डिस्कला हात लागायच्या आधीच घडला. त्यामुळे माझा संशय तुमच्या एसएसडीवर सगळ्यात कमी आहे.

असं करा. पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह सुरू करा, काही बसवू नका. टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' द्या, यंत्रणेच्या नोंदी दिसतील, आणि त्यात स्क्वॉशएफएस हा शब्द शोधा. मिंटची सगळी यंत्रणा पेनड्राइव्हवर एका मोठ्या दाबून भरलेल्या फाइलमध्ये असते, ती स्क्वॉशएफएस. तिथे 'डीकम्प्रेशन फेल्ड' असं काही दिसलं तर वाचलेला माल बिघडलेला आहे हे नक्की. कुठे बिघडला, ते मग बघू.

दुसरं, पेनड्राइव्हवर सगळ्या फायलींच्या एमडी५ची (हाही एक चेकसमच) एक यादी असते. ती 'एमडी५सम उणे सी' ने पडताळा. काय निघालं ते लिहून ठेवा. मग *मशीन पूर्ण बंद करून* पुन्हा चालू करा आणि तेच परत करा. बंद करणं महत्त्वाचं आहे, नाहीतर दुसऱ्या वेळी पेनड्राइव्ह वाचलाच जात नाही, आधीचंच रॅममध्ये साठवलेलं वाचून तो तुम्हाला तेच उत्तर देतो.

---

गच्चीवरून

वाखु (वाचनखूण) साठवली. मध्येच घुसतोय, माफी असावी. माझं इन्स्टॉल वेगळ्या मशीनवर आहे. पेनड्राइव्हचा मेनू येतो, 'स्टार्ट' निवडलं की लोगो क्षणभर दिसतो आणि मग स्क्रीन काळी. पंखा फिरतोय. कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो. दर वेळी *अगदी त्याच जागी*. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, एनव्हिडियाचं.

---

कुलूपकिल्ली

@गच्चीवरून, कॅप्स लॉकचा दिवा बघितलात, शाबास! दिवा बदलतोय म्हणजे मशीन जिवंत आहे, फक्त चित्र येत नाहीये. लाइव्हमध्ये एनव्हिडियाच्या कार्डाला नूव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर लागतो आणि काही कार्डांशी त्याचं जमत नाही.

मेनूत 'स्टार्ट'वर असताना ई दाबा. एक छोटा एडिटर उघडेल. त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात क्वाएट स्प्लॅश असं दिसेल, त्याच्या पुढे एक जागा सोडून नोमोडसेट टंका (एकच शब्द, सगळी लहान लिपी, अर्थात रोमनमध्ये). मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स. चित्र जरा जाडंभरडं येईल, पण येईल. मिंटच्या मेनूत कंपॅटिबिलिटी मोड असाही पर्याय आहे, तो साधारण हेच करतो.

हा बदल तेवढ्या एका वेळेपुरता असतो. बसवून झाल्यावर पहिल्यांदा सुरू करतानाही परत द्यावा लागेल. मग ड्रायव्हर मॅनेजरमधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाका आणि नोमोडसेट विसरून जा. कायमचं ठेवू नका. ते असलं की ग्राफिक्स कार्डाचं काम प्रोसेसरवर पडतं आणि साधा व्हिडिओ बघतानाही पंखा बोंबलतो.

आणि सिक्युअर बूट चालू ठेवणार असाल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड बनवायला सांगेल. तो कागदावर लिहा. पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' (ड्रायव्हरच्या सहीची किल्ली नोंदवा) येतं, तिथे तोच द्यायचा. लोक घाईत 'कंटिन्यू बूट' दाबतात आणि मग चार दिवस ड्रायव्हर का चालत नाही म्हणून धागे काढतात.

---

पाटीपेन्सिल

कुलूपकिल्ली, तुम्ही म्हणालात तसं केलं. वहीत लिहून घेतलंय.

पहिली फेरी : एक फाइल नापास, तीच मोठी स्क्वॉशएफएस.
बंद, चालू.
दुसरी फेरी : सगळ्या पास!
बंद, चालू.
तिसरी फेरी : मोठी फाइल पास, पण भलतीच एक छोटी फाइल नापास.

आणि डीमेसेजमध्ये लाल अक्षरांत 'डेटा प्रॉबेबली करप्ट'.

दुसरा पेनड्राइव्ह घेतला, दुसऱ्या पोर्टात लावला, या वेळी एचरने बनवला (तो लिहून झाल्यावर स्वतःच पडताळतो). एचर म्हणाला सगळं ठीक. लाइव्हमध्ये पुन्हा एक नापास.

---

निळीशाई

तीन फेऱ्या, तीन उत्तरं. हा पेनड्राइव्ह नव्हे.

---

कुलूपकिल्ली

रॅम. जवळजवळ पैज.

मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. जुन्या आवृत्त्या यूईएफआयवर चालत नसत, २०२२मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून चालतात. नवी उतरवून वेगळ्या पेनड्राइव्हवर टाका. सिक्युअर बूट चालू असताना ती सुरू होणार नाही, तेवढ्यापुरतं बंद करावं लागेल. रात्री लावून झोपा. एक फेरी तरी पूर्ण होऊ द्या.

रॅमच्या बाबतीत 'दोनच तर चुका आल्या' असं काही नसतं. एक जरी लाल ओळ आली तरी नापास.

---

उंटावरून

पण विंडोज चालतंय ना त्याच रॅमवर? रॅम खराब असती तर विंडोज चाललं असतं का?

---

कुलूपकिल्ली

@उंटावरून, हा प्रश्न चांगला आहे (लिहितानाच मला आश्चर्य वाटतंय).

खराब रॅम म्हणजे पूर्ण मेलेली रॅम नव्हे. अब्जावधी बिटांपैकी चार बिटं कधीमधी ० चं १ करतात. ते बिट पडद्यावर दाखवायला उलगडलेल्या एखाद्या फोटोच्या मधोमध पडलं तर एका ठिपक्याचा रंग बदलतो, कुणाला कळतही नाही. दाबलेल्या फाइलमध्ये पडलं तर मात्र पुढचा सगळा गठ्ठा उलगडत नाही, आणि सोबत चेकसम असल्यामुळे चोरी लगेच पकडली जाते. इन्स्टॉलर दोन-तीन जीबीचा असा माल एका दमात रॅममधून ओढतो. रोजच्या वापरात रॅमवर इतका सलग ताण क्वचितच येतो.

पाटीपेन्सिल, विंडोज अधूनमधून निळं होऊन बंद पडत होतं का हो?

---

पाटीपेन्सिल

...आठवड्यातून एकदा तरी. मी म्हणायचो, मशीन म्हातारं झालंय.

---

पाटीपेन्सिल

वाचवा!! मेमटेस्टसाठी सिक्युअर बूट बंद केलं. चाचणी लावण्याआधी म्हटलं हिशेबाची एक प्रत काढून ठेवावी, म्हणून विंडोज सुरू केलं. तर निळा पडदा, आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. मी कधीच कुठलीही की बनवली नव्हती. सात वर्षांच्या नोंदी आहेत आत. फोनवरून लिहितोय.

---

निळीशाई

शांत व्हा. काही पुसलं गेलेलं नाही. काहीही फॉरमॅट करू नका, रिसेटच्या बटणाकडे बघूही नका.

बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट पुन्हा चालू करा, सेव्ह करून बाहेर या. बहुतेक वेळा विंडोज काही न विचारता सुरू होतं. कुलपाची किल्ली टीपीएम चिपमध्ये असते आणि ती चिप 'बूटची परिस्थिती बदलली नाही ना' एवढंच बघते. परिस्थिती पहिल्यासारखी केली की ती किल्ली देते.

---

पाटीपेन्सिल

सुरू झालं. हात अजून थरथरतायत. पण होममध्ये बिटलॉकर नसतं ना?

---

निळीशाई

बिटलॉकर या नावाने, सगळ्या बटणांसकट, नसतं. पण डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाने तेच तंत्र अनेक होम मशीनवर असतं, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की पुष्कळदा आपोआप चालू होतं. म्हणून तर म्हटलं होतं, अंदाजाने सांगू नका.

आता पुढचं काही करण्याआधी त्याच खात्याच्या वेबपानावर जाऊन रिकव्हरी की शोधा. तिथे साठवलेली असते. *कागदावर* लिहा, त्याच लॅपटॉपवरच्या फाइलमध्ये नको. आणि हिशेबाची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. हे दोन्ही झाल्याशिवाय मेमटेस्ट नाही.

---

दोन_नंबरी

धाग्यावर सगळे जाणकार जमलेत तर माझंही सांगतो. इन्स्टॉलरला माझी एनव्हीएमई डिस्क दिसतच नाही, फक्त पेनड्राइव्ह दिसतो. विंडोज त्याच डिस्कवर मस्त चालतंय.

---

निळीशाई

@दोन_नंबरी, बायोसमध्ये साठवणुकीचा मोड बघा. आरएसटी किंवा रेड असं असेल तर तेच कारण. त्या मोडमध्ये इंटेलचा कंट्रोलर डिस्कला पोटात घेतो आणि लिनक्सला ती दिसत नाही. तो बदलून एएचसीआय हा साधा मोड करायला हवा.

पण थेट बदलू नका, विंडोज उठणार नाही, 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून बोंब मारेल. आधी विंडोजमध्ये पुढचा बूट सेफ मोडमध्ये होईल असं ठरवा (एमएसकॉन्फिगच्या बूट टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल), रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये जा, एएचसीआय करा, मग विंडोज सेफ मोडमध्ये येऊ द्या. त्या वेळी ते योग्य ड्रायव्हर स्वतः उचलतं. मग सेफ बूटची खूण काढा. आणि वरचं वाचलंच असेल, एन्क्रिप्शनची की आधी हाताशी.

---

दोन_नंबरी

झालं! वीस मिनिटांत. डिस्क दिसतेय. दंडवत.

---

संपादक

एका धाग्यात तीन मशीन झाली आहेत. चर्चा उपयोगी आहे म्हणून राहू देतोय, पण चौथ्याने कृपया वेगळा धागा काढावा.

---

पाटीपेन्सिल

की सापडली, कागदावर उतरवली. प्रत काढली. मेमटेस्ट रात्री लावली.

सकाळी उठून बघितलं तर पडदा लालभडक. १४७ चुका, आणि पहिली फेरीही पुरी झालेली नाही.

---

रिकामा_स्लॉट

हे जमवता येतं हो! मेमटेस्ट बिघडलेल्या जागांचे पत्ते देतं. ग्रबच्या (मशीन सुरू होताना लिनक्स की विंडोज ते विचारणाऱ्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये बॅडरॅम नावाची ओळ असते, तिथे ते पत्ते टाकले की लिनक्स ती जागा वापरतच नाही. मी एका जुन्या मशीनवर दोन वर्षं असं काढलंय.

---

कुलूपकिल्ली

जुगाड खरा आहे, चालतोही. पण त्याच मशीनवर विंडोज आहे, त्यात हिशेब आहे, आणि विंडोजला ग्रबचं सेटिंग काय कळणार? शिवाय आज चार पत्ते खराब, उद्या सहा. प्रयोगाच्या मशीनला ठीक, हिशेबाच्या मशीनला नको.

पाटीपेन्सिल, ८ जीबी म्हणजे रॅमची एकच पट्टी का दोन? बऱ्याच लॅपटॉपांत ४ बोर्डावर डकवलेली असते आणि ४ स्लॉटमध्ये. तसं असेल तर स्लॉटमधली काढून पुन्हा चाचणी घ्या. आधी लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर, मागचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन बोर्डावरून सोडवा. मगच रॅमला हात.

---

पाटीपेन्सिल

उघडला. झाकणाला दहा स्क्रू, त्यातले दोन इतरांपेक्षा लांब. कुठला कुठे ते लक्षात राहावं म्हणून कागदावर लॅपटॉपची पाठ काढून तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवले.

स्लॉटमध्ये रॅमची एकच पट्टी, बाकीची रॅम बोर्डावरच. दोन्ही बाजूंचे छोटे पत्र्याचे चिमटे बाहेर ढकलले तशी पट्टी टुणकन तिरकी उभी राहिली. सोनेरी दातांवर काळपट डाग होता. खोडरबर हळूच फिरवला (नावाला जागलो), फुंकर मारली, परत बसवली. मेमटेस्ट : पुन्हा लाल.

मग पट्टी काढूनच टाकली. ४ जीबीवर चाचणी लावली. चार फेऱ्या, शून्य चुका.

बोर्डावरची वाचली. नाहीतर बोर्डच बदलायला लागला असता.

---

निळीशाई

वा! आता ४ जीबीवरच मिंट बसवून टाका, नवी पट्टी येईल तेव्हा येईल. मिंटला किमान २ लागते, ४ असली तर बऱ्यापैकी चालतं. फार रेंगाळलं तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती आहेच. आणि सिक्युअर बूट परत चालू करून मग बसवा, मिंटला त्याची अडचण नाही.

---

पाटीपेन्सिल

बसलं!!! कॉपीची पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत गेली. 'समथिंग एल्स' निवडून मोकळ्या ६० जीबीतच टाकलं. ईएफआयचं (बूटच्या फायलींचं) पार्टिशन जुनंच ठेवलं, फॉरमॅट केलं नाही.

रीस्टार्ट केलं... आणि सरळ विंडोज उघडलं. मिंटचा मागमूस नाही. आता हसू येतंय.

---

कुलूपकिल्ली

या वेळी किती वेळा करून बघितलंत? दर वेळी हेच होतंय?

---

पाटीपेन्सिल

पाच वेळा. पाचही वेळा विंडोज.

---

कुलूपकिल्ली

छान. म्हणजे आता सेटिंग. :)

पेनड्राइव्हवरून लाइव्ह सुरू करून 'सुडो ईएफआयबूटएमजीआर' द्या आणि बूटची यादी वाचा. मिंट शोधू नका, सापडणार नाही. मिंट उबुंटूवर बांधलेलं आहे आणि बूटच्या यादीत स्वतःचं नाव 'उबुंटू' असंच लावतं. दर महिन्याला कुणीतरी 'मी उबुंटू बसवलंच नाही' म्हणून ती नोंद उडवतो.

---

पाटीपेन्सिल

उबुंटू आहे, आणि बूटऑर्डरमध्ये पहिलाच आहे! तरी विंडोज येतंय. बायोसच्या बूट पानावर मात्र फक्त 'विंडोज बूट मॅनेजर' दिसतं.

---

कुलूपकिल्ली

काही मशीनचं फर्मवेअर असं हट्टी असतं, यादी ऐकून घेतं आणि ओळखीच्यालाच आत सोडतं. बायोसच्या सिक्युरिटी पानावर 'यूईएफआय फाइल विश्वासू म्हणून निवडा' अशा अर्थाचा पर्याय आहे का बघा. फिका दिसत असेल तर आधी सुपरवायझर पासवर्ड लावा, मग तो उजळतो. तिथून ईएफआय, उबुंटू आणि मग शिमएक्स६४ ही फाइल. ग्रबएक्स६४ नव्हे. सिक्युअर बूट चालू असताना आधी सही असलेल्या शिमला पुढे करायचं, तो मग ग्रबला आत घेतो. नोंदीला ओळखू येईल असं नाव द्या आणि बूटच्या क्रमात वर आणा.

काम झालं की तो पासवर्ड काढून टाका. ठेवलात आणि विसरलात तर बायोसच्या बाहेर उभे राहाल.

---

पाटीपेन्सिल

तसाच पर्याय होता, तसाच फिका होता. पासवर्ड लावला, उजळला. ग्रबचा मेनू आला! मिंट आलं! वायफाय आपोआप, आवाज आपोआप. हा प्रतिसाद मिंटमधूनच लिहितोय.

दोन गोष्टी मात्र उरल्यात. ग्रबमधून विंडोज निवडलं की पुन्हा तो ४८ आकडी पडदा. आणि मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकलेलं.

---

निळीशाई

घड्याळाचं सोपं आहे. बोर्डावरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स ग्रीनिचची. म्हणून चूक नेमकी ग्रीनिचपासूनच्या तुमच्या फरकाएवढी असते. मिंटमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' द्या, दोघं एकाच घड्याळाकडे बघतील.

पडद्याचं कारण तेच जुनं. ग्रबमधून गेलं की टीपीएमला बूटचा रस्ता अनोळखी वाटतो. एकतर डिव्हाइस एन्क्रिप्शन पूर्ण बंद करा, नाहीतर विंडोजला जाताना ग्रबमधून न जाता मशीन सुरू होताना एफ१२ (तुमच्याकडे जे बटण असेल ते) दाबून बूट मेनूतून थेट जा. लॅपटॉप बाहेर फिरत असेल तर मी दुसरं करेन. चोरीला गेला तर हिशेब तरी कुलपात राहतो.

एक काटा तुम्ही नकळत काढलाय. जागा करताना हायबरनेशन बंद केलंत ना, त्यातच फास्ट स्टार्टअपही गेलं. ते असतं तर विंडोज बंद करूनही अर्धवट झोपलेलं राहिलं असतं आणि मिंटला तिकडची पार्टिशनं फक्त वाचायला मिळाली असती.

---

पाटीपेन्सिल

दोन्ही जमलं. विंडोजला एफ१२ने जातोय, कुलूप तसंच ठेवलंय. पेजफाइलही परत चालू केली, विसरलो होतो.

---

गच्चीवरून

माझं अपडेट : नोमोडसेटने चित्र आलं, बसवलं, ड्रायव्हर टाकला. आणि हो, 'कंटिन्यू बूट'च दाबलं. परत पहिल्यापासून.

---

कुलूपकिल्ली

@गच्चीवरून, टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी', पुढे एक जागा सोडून 'उणे उणे एनरोल-की' द्या. पासवर्ड मागेल, नवा बनवा, रीस्टार्ट. या वेळी निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक'. पहिली कळ दाबायला दहा सेकंदच मिळतात, जवळ बसून राहा.

---

गच्चीवरून

बसून राहिलो. झालं.

---

पाटीपेन्सिल

आठ दिवसांनी शेवटचं. नवी पट्टी आली, बसवली, मेमटेस्टच्या चार फेऱ्या, शून्य चुका. पुन्हा ८ जीबी. विंडोज या आठवड्यात एकदाही निळं झालेलं नाही.

जुनी पट्टी टेबलावर पडली होती. काल धाकट्या भावाने ती उचलून विचारलं, 'ही माझ्या मशीनला चालेल का रे?' आता तिच्यावर चिकटपट्टी लावून लाल पेनाने 'खराब' लिहून ठेवलंय.